रास्त

या बेटांवर पाल नाही.
त्यामुळे रान्वाच्या मनात चुकचुकायला
काहीच नव्हतं,
आणि तरी सप्टेंबरपासून
ती जिन्यात मध्येच थांबायला लागली,
एक हात कठड्यावर, मान कलती,
खालच्या घरात कुणी नाव घेतल्यासारखी.

बोगदा, म्हणतात गावातले. दुसरं काय असणार.
समुद्राच्या तळाखालून
रोज संध्याकाळी सुरुंग लागतो
आणि फळीवरच्या कपबश्या
एकमेकींना कोपराने ढोसतात.
दोन वर्षांनी फेरीबोट बंद.
सव्वीस वर्षं रान्वा त्या बोटीचा दोर फेकते,
खुंटाला आवळते, सोडते,
आणि गाड्यांना हाताने सांगते:
ये, ये, ये, बस.
नोकरी जाणार हे तिला कळतं.
पण त्याची तर तारीख ठरली आहे,
कागद आला आहे, खाली शिक्का आहे.
तारीख असलेल्या गोष्टीची
कसली चाहूल?

हे दुसरंच काही.

रात्री पडल्यापडल्या तिने
काख चाचपली, पोट चाचपलं. काही नाही.
ऑर्हुसच्या मुलाला फोन केला,
तो नव्या बुटांबद्दल बोलत राहिला.
मरण असेल तर असो,
पण मरणाने माणूस
असा हलका कशाला होईल?
शेवटचा ट्रक उतरला की बोट
चार बोटं वर येते पाण्यातून.
डोळ्यांना दिसत नाही,
डेकवर उभ्या असलेल्याच्या पोटऱ्यांना कळतं.
तसं.

मेंढ्या डोंगरावरून उतरवल्या त्या दिवशी धुकं होतं.
कापणं झालं, आणि मागच्या खोपटात,
फळ्याफळ्यांत बोटभर फट ठेवलेल्या,
वाऱ्यासाठीच बांधलेल्या,
तिने मांड्या टांगल्या.
दर वर्षी आठ. यंदा पाच.
तीन केव्हा बहिणीकडे, सिस्सलकडे, पोचत्या केल्या
हे तिचं तिलाच
नंतर रिकाम्या आकड्यांनी सांगितलं.

हेयिनने मोजल्या.
तो मोजतो ते ओठांवर, बोटांवर नाही.
बोलला काहीच नाही. त्याला तरी कुठे सांगता आलं असतं,
छपरावरचं गवत बदलायला आलेल्या पोराला
"पुढच्या वर्षी बघू" म्हणून परत का पाठवलं,
आणि "पुढच्या वर्षी" म्हणताना
माशाचा काटा अडकल्यासारखं
घटाघटा पाणी का प्यालो.

नोव्हेंबरात मांस
ना इकडचं ना तिकडचं असतं.
ताजेपण गेलेलं, वाळणं अजून लांब,
वर पांढुरकी लव, आणि वास असा
की नवखा पाहुणा दारातूनच
तब्येतीची चौकशी करून परततो.
या अधल्यामधल्या अवस्थेला
तिथल्या भाषेत वेगळा शब्द आहे,
आणि लोक ती चव मुद्दाम मागून खातात.
रास्त म्हणतात तिला.
आपल्या रास्तशी तिचं काही नातं नाही.
मी तरी दोनदा विचारून घेतलं.

त्या संध्याकाळी दोघं खोपटात उभे होते.
हेयिनने सुरीने एक पापुद्रा काढला,
अर्धा तिला दिला.
"फेब्रुवारीपर्यंत पुरेल."
"हो."
"मग?"

फटींतून वारा आडवा येत होता.
पाचही मांड्या किंचित एकाच बाजूला कलल्या,
जिन्यातल्या रान्वासारख्या.
ती चावत राहिली, बराच वेळ.
मग म्हणाली, "अजून व्हायचंय."
तो म्हणाला, "चांगलं लागतंय पण."

तेवढ्यात खाली, समुद्राच्याही खाली,
सुरुंग झाला. आकडे किणकिणले.
रान्वाचा हात सवयीने वर गेला,
अंधारात कुणाला तरी वाट दाखवत:
ये, ये, ये.

बस म्हणायचं राहून गेलं.